हाळावरचं पाणी

तुकईथड हे नाव मी आधी ऐकलं आणि मग पिवळ्या पाटीवर वाचलं. आई म्हणायची, "आता तुकईथड आलं की उतरायचं." मला वाटायचं, हे एखाद्या म्हातारीचं नाव असणार. डोक्यावरून पदर घेऊन ती फलाटावर आमची वाट बघत बसलेली असणार. पुढे भाषा कळायला लागली तेव्हा त्या नावात दोन शब्द दिसले, तुकाई आणि थड. तुकाई म्हणजे तुळजापूरची भवानीच, गावोगाव या लाडक्या नावानं बसलेली. थड म्हणजे काठ. भीमथडी, गंगथडी, पैलथडी यांतली. ही फोड व्युत्पत्तीच्या पंडितांना पटो न पटो, माझा कान तेवढीच ऐकतो. तापी तिथून फार लांब नाही, तेव्हा काठही खोटा नाही. पण माझ्या आठवणीतल्या तुकईथडला नदी नाहीच. तिथं आहे एक हापसा, त्याच्या पुढ्यात ढोरांना पाणी पाजायचा लांबोडका सिमेंटचा हाळ, आणि दिवेलागणीला जंगलाकडून उतरणारी धूळ.

आम्ही अकोल्याहून छोट्या गाडीनं जायचो. मीटर गेज. खंडव्याकडून राजस्थानापर्यंत आणि अकोल्याकडून पूर्णा-हैदराबादपर्यंत पसरलेलं रुळांचं जाळं या एका धाग्यानं जोडलेलं होतं. जयपूरकडची मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून दक्षिणेत उतरायची. आमची मात्र पॅसेंजर. अकोट, हिवरखेड, वान रोड, आणि मग मेळघाटाच्या झाडीत शिरून धूळघाट. तिथं चढ असा की सरळ जाणं इंजिनाला झेपत नसे, म्हणून रूळ डोंगराभोवती वेटोळं घेऊन स्वतःच्याच अंगावरून पलीकडे जात. आपण आत्ताच जिथून आलो तो रूळ खिडकीतून खाली दिसायचा. त्या एका दृश्यासाठी आम्ही भावंडं खिडकीवरून भांडायचो. २०१७च्या आरंभी ती गाडी बंद झाली. मोठे रूळ व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून न्यायचं ठरलं. वाघांसाठी ते बरंच झालं, असं मी मनापासून म्हणतो. पण खिडकीचं दुःख आहेच.

मामाचं घर स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, आणि वाटेत तो हापसा. मामा त्याला 'बोर' म्हणायचा, मामी 'हापशी', आणि गावातली हिंदी-निमाडी बोलणारी माणसं 'हैंडपंप'. संध्याकाळी तिथं टेकणारा एक कोरकू आबा पाण्याकडे बोट करून नुसतं 'डा' म्हणायचा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. आजूबाजूच्या मराठी-हिंदीशी तिचं रक्ताचं नातं नाही. पाण्याला इतका छोटा शब्द असू शकतो याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं. तहान लागल्यावर माणसानं याहून जास्त बोलूच नये.

बोर पाडायची गाडी आली तो दिवस मामी रंगवून सांगायची. आधी पाणाड्या आला, हातात झाडाची दुबेळकी फांदी. मग गाडी आली, नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं गेलं आणि दिवसभर कान बधिर करणारा आवाज. आधी मुरूम, मग काळा पाषाण, त्याची राखाडी भुकटी सगळ्यांच्या केसांवर. मधेच लाल चिखल. हा आपला दख्खनचा खडक थरांवर थर चढवून झालेला आहे. लाव्हाच्या एका लोटावर दुसरा लोट येईपर्यंत मध्ये काळ गेला, त्या काळात वरचा थर भाजून-कुजून गेरूसारखा लाल झाला. पाणी या खडकाच्या पोटात साठत नाही. भेगांत, सांध्यांत, झिजलेल्या थरांत, दोन लोटांच्या बेचक्यात ते दडून असतं. म्हणून इथं एकाच्या आवारात बोर लागते आणि शेजाऱ्याची कोरडी जाते, आणि मग दोघांचं पिढ्यान्पिढ्या बिनसतं. आमची लागली. मामी म्हणायची, लाल चिखल आला तेव्हाच तिला कळलं होतं. मामा म्हणायचा, पाणी अंगावर उडेपर्यंत ती नवसच बोलत होती.

हापशाची एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली आणि कळल्यावर उगीचच अभिमान वाटला. आपल्या खेड्यांत पूर्वी जे बिडाचे पंप बसवले गेले ते परदेशी शेतघरांतल्या पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबानं दिवसातून दहा वेळा हलवायची ती वस्तू. तिच्यावर अख्खं गाव पडलं की महिन्या-दोन महिन्यांत दांडा मोडे, खुंटी झिजे. साठच्या दशकाअखेरीस जालन्यात बोअर खोदणाऱ्या मिशनच्या लोकांच्या हातून आणि मग सोलापुरात लोखंडी पत्र्याचा, दांड्याला साखळी लावलेला पंप तयार झाला. दांडा वरखाली गोल फिरतो, पण साखळीमुळे खालची सळई सरळच ओढली जाते, तिरकी घासत नाही. सगळी करामत त्या साखळीत. सोलापूर पंपावरूनच पुढे सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क टू' घडला, आणि तो भारतातल्या खेड्यांतून आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला. जालना-सोलापूर म्हटलं की आपल्याला मोसंबी आणि चादरी आठवतात. जगातल्या किती माणसांनी सोलापुरी साखळीनं ओढलेलं पाणी प्यायलं असेल, हे तिथं कुठल्या चौकात लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मामा पंपाचा अधिकृत मेकॅनिक नव्हता, पण पाना त्याच्याकडे असायचा. मधेच पाणी यायचं थांबलं की तो मला खाली बसवायचा. "कान लाव पायपाले. पानी कुठलोक चढलं, आयकू येते." मी कान लावायचो. थंडगार लोखंड, आणि आत खोल कुठेतरी घोट घेतल्यासारखा आवाज. खालची झडप गळत असली की नळीतलं पाणी रात्रीतून उतरून जातं. मग सकाळी पंधरा-वीस कोरडे हापसे मारावे लागतात आणि पहिली धार येताना पंप खोकलतो. दट्ट्याचं चामड्याचं वायसर झिजलं की धार बारीक होते. मामा धारेच्या जाडीवरून वायसराचं वय सांगायचा.

आणि संध्याकाळी ढोरं यायची.

हाळावर एक नियम होता. तो कुणी लिहिला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. ढोरं आली की बायका घागरी बाजूला ओढून घ्यायच्या. एकदा मी शहाणपणानं माझी कळशी पुढे सारली तर मामीनं ती पायानंच मागे लोटली. "पह्यले ढोरायले पिऊ दे, मंग भर तुही." मला वाटलं, यामागे काही भूतदया, पुण्य वगैरे असेल. मी तसं विचारलंही. मामी हसली. म्हणाली, दिवसभर चरून आलेलं ढोर तहानेनं येडं झालेलं असतं, मधे उभं राहिलास तर शिंगावर घेईल. आणि त्यांचं आटोपलं की ती आपापल्या गोठ्याला लागतात, मग निवांत भरता येतं. पुण्याचा संबंध नव्हता. पण गंमत अशी की ढोरं नसलेल्या घरच्या बायकासुद्धा थांबायच्या, आणि ज्याची ढोरं नव्हेत असा माणूससुद्धा हापसायला लागायचा.

हापसायला लागायचा म्हणजे किती, याचा हिशेब मी अलीकडे केला. मार्क टू पंप मिनिटाला चाळीस हापसे मारले तर बारा लिटरच्या आसपास पाणी देतो. म्हणजे एका हापशाला ओंजळभराहून थोडं जास्त. उन्हाळ्यात चरून आलेली गाय उभ्या उभ्या तीस-चाळीस लिटर पिऊन जाते. एका गाईला शंभर ते एकशेतीस हापसे. वीस ढोरं म्हणजे दोन-अडीच हजार, न थांबता मारले तरी तासभर लागणार. एका माणसाचं हे काम नाही. म्हणून आम्हा पोरांना पाळ्या लागायच्या. शंभर तुझे, शंभर माझे. आबा दांड्यावर हात ठेवून नुसतं अंगाचं वजन टाकायचा, आम्ही लटकायचो. ढोर पीत असताना वर बघत नाही. त्याचं नाक पाण्यात बुडतं न बुडतं, कान मागे-पुढे होतात, गळ्याखालची पोळी हलते आणि घोट खाली जाताना दिसतो. हाळातली पातळी खाली जायला लागली की दांडा आपोआप जोरात चालायचा. ढोरानं मान वर केली, ओठांवरून पाण्याची तार सुटली, की पुढचं.

होळीनंतर कधी कधी काठेवाडी यायचे, गाईंचा मोठा तांडा घेऊन. त्यांच्या गाई वेगळ्याच, कपाळ पुढे आलेल्या, कान लांब पानांसारखे. ते गावच्या ढोरांचं होऊ द्यायचे आणि मग रात्री उशिरापर्यंत हापसत राहायचे. त्या आवाजात मला झोप लागायची. आजही रात्री कुठे दाराची बिजागरी करकरली तर मी अर्धवट झोपेत गाई मोजतो.

हे सगळं आता आठवायचं कारण असं की मध्यंतरी माझ्या वाचनात 'स्टेशन' हा शब्द वेगळ्याच अर्थानं आला. ऑस्ट्रेलियात स्टेशन म्हणजे गाडी थांबायची जागा नव्हे. हजारो एकरांचं गुराढोरांचं, मेंढरांचं ठाणं. १८७८ साली न्यू साउथ वेल्समधल्या कॅलारा नावाच्या अशाच एका स्टेशनावर जमिनीत भोक पाडलं आणि पाणी आपलं आपण वर आलं. त्या खंडाच्या पोटात सुमारे सतरा लाख चौरस किलोमीटर पसरलेला पाण्याचा साठा आहे, दाबाखाली कोंडलेला. वाट मिळाली की तो उसळतो, बऱ्याच ठिकाणी कढतही असतो. मग शेकडो बोअर पडल्या, वर्षानुवर्षं उघड्या वाहत राहिल्या, पाणी मैलोन्‌मैल चरांतून मोकाट गेलं आणि दाब उतरला. १९९९पासून सरकारला त्यांच्यावर झाकणं बसवायची मोहीम काढावी लागली. त्यांतल्या काही म्हाताऱ्या बोअर मात्र वारसा ठरल्या. क्वीन्सलँडमधली बर्कटाउनची १८९७ सालची बोअर राज्याच्या वारसायादीत आहे. तिच्या कढत पाण्यातल्या क्षारांनी तोंडाभोवती रंगीत ढिगारा चढवलाय.

वाचून मी हसलो आणि जरा जळलोही. आमचं तुकईथडसुद्धा स्टेशनच, तिथंही बोर, तिथंही ढोरं. फरक एवढाच की आमचं पाणी आपलं आपण वर येत नव्हतं.

आपल्याकडे वारसा म्हटला की कायदा आधी वय विचारतो. १९५८च्या कायद्यानं प्राचीन स्मारकाला किमान शंभर वर्षं पुरी लागतात. हापशाची पन्नाशीही जेमतेम. शिवाय तो सरकारी खात्याचा, नंबर घातलेला, लाखांतला एक. त्याच्यासारखे अजून हजार दाखवता येतील, आणि ज्याचे हजार दाखवता येतात त्याला कोण जपतं?

जपण्यासारखं पाणी तुकईथडच्याच बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे, आणि ते मी पाहिलंय. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, लोकांच्या तोंडी खुनी भंडारा. १६१५ साली, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानान इथं असताना, इराणातल्या 'कनात' नावाच्या भुयारी कालव्यांच्या धर्तीवर तो बांधला गेला. योजना तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाची. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जो भुसभुशीत पट्टा आहे तो पावसाचं पाणी गटागट पितो, आणि ते पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असतं. त्या सरकत्या पाण्याला या माणसांनी वाटेतच गाठलं. जमिनीखाली भुयार, त्यावर ओळीनं शंभराच्या वर कुंड्या, आणि नुसत्या उतारानं पाणी शहरापर्यंत चालत जाणार. ना मोट, ना रहाट. तापी उशाला असताना हा खटाटोप कशाला, तर शत्रूनं नदीत विष कालवलं तर, असं सांगतात. आपल्याकडे मलिक अंबरनं खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर बांधली ती याच सुमाराची. त्या काळी दख्खनच्या दोन्ही अंगांना माणसं जमिनीखालचं पाणी हुडकत होती.

तिथं पाळण्यात उभं राहून खाली उतरता येतं. वर उन्हानं डोळे मिटत होते. खाली ओल, गारवा आणि थेंबांचा आवाज. भिंतींवर चुन्याचा पांढरा थर इतका चढलाय की दगड दिसत नाही. चारशे वर्षांत पाण्यानंच स्वतःच्या वाटेला आतून गिलावा केलाय, आणि तोच आता वाट अरुंद करतोय. मला बर्कटाउनचा तो रंगीत ढिगारा आठवला. २०२४मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. जायलाच हवा होता. बऱ्हाणपूर म्हणजे मुमताज जिथं वारली ते गाव, एवढंच ज्यांना ठाऊक, त्यांनी आधी हे पाणी बघावं.

पण तिथून वर येताना मनात आलं, हे शहराचं पाणी. हमामाचं, कारंजांचं, छावणीचं. यातून एखाद्या गाईनं पाणी प्यायलं असेल तर ते सांडलेलं. आमच्या हाळाकडे यातलं काहीच नव्हतं, ना भुयार, ना इराणी तज्ज्ञ. त्याच्याकडे होती ती पाळी. दुसऱ्याच्या ढोरासाठी शंभर हापसे. ऑस्ट्रेलियातल्याच बुरा गावी १९७९ साली वारशाबद्दल एक सनद झाली. जागेचं मोल ठरवताना नुसते दगड-विटा पाहून भागत नाही. ती जागा वापरली कशी जाते, तिच्याशी माणसं कशी बांधलेली आहेत तेही पाहावं, असा तिचा रोख. त्या मापानं मोजलं तर आमचा हापसा हरायचा नाही.

२०२२च्या जुलैत बऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा झाला. २५४ गावं, घरोघर नळ. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि जे लोक हापशाच्या आठवणीनं गहिवरतात त्यांनी आपल्या आईचे-मामीचे खांदे एकदा विचारात घ्यावेत. मामीचा उजवा खांदा म्हातारपणी वर जात नव्हता. मी तिला हाळाबद्दल काही काव्यमय बोलायला लागलो की ती म्हणायची, "तू दोन महिने हापसलं बाप्पा, मी तीस वर्सं." तेव्हा नळाविरुद्ध माझा एक शब्द नाही. फक्त या योजनेचं माप माणशी रोज ५५ लिटर, आणि त्या ५५मध्ये गोठा धरलेला नाही. वाळवंटी भागांसाठीच्या जुन्या सरकारी नियमांत गुरांचे म्हणून ३० लिटर वेगळे मांडलेले असत. कुणीतरी केव्हातरी तो विचार केला होता.

गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो, या वेळी रस्त्यानं. मामा-मामी दोघंही आता नाहीत. हापशाचा दांडा गायब, साखळी गायब; नुसतं तीन पायांचं लोखंड, डोक्यावर झाकण नाही. मी वाकून नळीला कान लावला. काही ऐकू आलं नाही, किंवा माझेच कान आता तसे राहिले नसतील. हाळ मात्र जागच्या जागी. त्याची एक कड ढोरांच्या मानांनी घासून घासून इतकी गुळगुळीत झालीय की हात फिरवला तर सिमेंट वाटू नये.

आणि हाळात पाणी होतं. काठोकाठ, स्वच्छ, वर दोन मधमाश्या. जवळच्या घरापासून एक निळी नळी जमिनीवरून लोळत आली होती आणि तिचं तोंड हाळात दगडाखाली दाबून ठेवलं होतं. अंगणात एक बाई गव्हातले खडे निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, ताई, पाणी कोण सोडतं इथं? त्यांनी वर न बघताच सांगितलं, "ज्याची पाळी असन तो."

हाळाच्या भिंतीवर लाल रंगात एक फुली आणि आकडा होता. रस्ता रुंद करायचाय, मध्ये येतो म्हणून कुणी साहेब रंगवून गेले, असं कळलं. तुमच्याही गावाच्या शिवेवर असा एखादा हाळ असेल, फुली पडलेला किंवा पडायची वाट बघणारा. शेजारचा बंद हापसा भंगारात जात असेल तर जाऊ द्या. हाळ तेवढा चार हात मागे का होईना, पण ठेवायला लावा, आणि नळाची एक तोटी त्यावर काढून मागा. ग्रामसभेत एका कागदाचं काम आहे, आणि ते उन्हाळ्याआधी झालं तर बरं.